पन्नाशीचे सात नियम : एका मेडिकलवालीचं उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच निरोप मला पाच ठिकाणांहून आला. भिशीच्या गटावर, सोसायटीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या, माहेरच्या, आणि पाचव्यांदा थेट वहिनीकडून. ‘तू मेडिकलवाली ना, मग सांग हे खरं का?’ वर गुलाबाची तीन फुलं, खाली ‘एका प्रसिद्ध डॉक्टरांचा सल्ला, किमान दहा जणींना पाठवा’. प्रसिद्ध डॉक्टरांचं नाव मात्र कुठेच नाही.

‘पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने पाळायचे सात नियम’ ते असे. रोज चार लिटर पाणी प्या, सुरकुत्या जातात. सनस्क्रीन म्हणजे केमिकल, आपल्या सावळ्या कातडीला त्याची गरज नाही. वांगावर लिंबू, हळद आणि खायचा सोडा लावा, सात दिवसांत चेहरा स्वच्छ. डाय नको, काळी मेंदी लावा, ती नैसर्गिक. पांढरा केस उपटू नका, एकाचे दहा होतात. फिके रंग नेसा, गडद रंग या वयाला शोभत नाहीत. आणि सुटलेलं पोट आत राहावं म्हणून परकराची नाडी घट्ट आवळा.

नाशिकच्या सिडकोत एकवीस वर्षं माझं औषधाचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, आणि स्वतः चोपन्न वर्षांची आहे. म्हणजे हा निरोप माझ्यासाठीच लिहिलाय. तो वाचून मला राग आला तो एका गोष्टीचा. ज्याने काही बिघडत नाही त्याची तो भीती घालतो, आणि ज्याने खरोखर इजा होते ते ‘घरगुती’ म्हणून बिनदिक्कत हातात देतो.

पाण्याचं आधी उरकते. तहान लागेल तेवढं पाणी प्यावंच, उन्हाळ्यात जास्त. पण निरोगी माणसाने गरजेपेक्षा जास्त प्यायलेलं पाणी मूत्रपिंडं बाहेर टाकून देतात, ते सुरकुतीखाली जाऊन बसत नाही. आणि हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय, त्यांनी चार लिटर प्यायलं तर थेट दवाखाना. कातडी कोरडी पडते त्याचं कारण वेगळं आहे. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, तेलग्रंथी मंदावतात, आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजेन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, सुमारे ३० टक्क्यांनी घटतं. त्यात आपली नाशिकची थंडी. निफाडचा पारा पाच-सहावर आला की पेपरात बातमी येते, आणि घरोघरी बायका कढत पाण्याने आंघोळ करून वर साबण घासतात. पायाच्या नडग्यांवर मासळीच्या खवल्यांसारखे पापुद्रे दिसतात ते त्यामुळे. कोमट पाणी घ्यावं, साबण काखा-जांघांपुरता ठेवावा आणि अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत मॉइश्चरायझर लावावं. ग्लिसरीन असलेलं साधं लोशन चालतं, टाचांना पेट्रोलियम जेली. जेली पाणी घालत नाही, आतलं उडू देत नाही, एवढंच तिचं काम आणि ते ती उत्तम करते. हजार रुपयांची बाटली विकून मला जास्त सुटतात, तरी सांगतेय.

आता सनस्क्रीन. या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते आधी देऊन टाकते. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य काही प्रमाणात संरक्षण देतं आणि गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्यात त्वचेचा कर्करोग खूप कमी. पण पन्नाशीच्या बाईची तक्रार कर्करोगाची नसते, गालावरच्या डागांची असते, आणि डाग उन्हाने गडद होतात ते सावळ्या कातडीत जास्त. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास यूव्ही-ए असतात. हे ढगांतून येतात, खिडकीच्या काचेतूनही बरेचसे येतात. त्यामुळे ‘मी कुठे उन्हात जाते, मी तर गाडीत असते’ याला अर्थ नाही. वांगाच्या डागांना तर नुसता दृश्य प्रकाशही चिथावतो. म्हणून त्यांच्यासाठी त्वचेच्या रंगाची, आयर्न ऑक्साइड असलेली सनस्क्रीन जास्त उपयोगी.

उन्हाचं काय करायचं हे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला, काढणीला जाणाऱ्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही. साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला स्कार्फ, फक्त डोळे उघडे. ही जगातली सर्वात स्वस्त सनस्क्रीन आहे आणि ती घामाने धुऊन जात नाही. त्यांना बघून हसणाऱ्या गंगापूर रोडच्या बायका पुढे माझ्याकडे डागांची क्रीम मागायला येतात. (हसणाऱ्यांत मीही होते, कॉलेजात असताना.)

‘सनस्क्रीनने ड जीवनसत्त्व कमी होतं’ असंही खाली एका ओळीत आहे. जन्मात कधी सनस्क्रीन न लावलेल्या बायकांचे रिपोर्ट मी रोज बघते. ड जीवनसत्त्व तळाला. ते सनस्क्रीनच्या माथी कसं मारणार? कमी असेल तर तपासून गोळी घ्यावी, त्यासाठी गाल भाजायचं कारण नाही. एक मात्र खरं, की आपण सनस्क्रीन टिकलीएवढी लावतो. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढी लागते.

आणि आता तो लिंबाचा नियम, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले.

पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, कातडीचा पाचच्या. सोडा दुसऱ्या टोकाचा, आठच्या पुढे. म्हणजे आधी आम्लाने पोळायचं, मग अल्कलीने खरवडायचं, आणि यालाच ‘चेहरा स्वच्छ’ म्हणायचं. वर लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. म्हणजे डाग घालवायला लावलेल्या लिंबानेच डाग. हळद चेहरा पिवळा करते, बाकी बहुधा निरुपद्रवी. हळदीशी माझं भांडण नाही.

गेल्या मार्चमध्ये पंचवटीतली एक बाई आली. मुलाचं लग्न दहा दिवसांवर. ओढणी बाजूला केली तर दोन्ही गाल लालभडक, मधेच तपकिरी.

“ताई, ती ट्यूब द्या ना. शेजारच्या काकूंना दोन दिवसांत फरक पडला.”

“कुठली ट्यूब?”

तिने पर्समधून कापलेल्या खोक्याचा तुकडा काढला. मी ओळखलंच होतं. खरा घोटाळा इथे सुरू होतो, लिंबाने नव्हे. लिंबाने चेहरा बिघडतो आणि बिघडलेला चेहरा घेऊन बाई ‘त्या ट्यूब’कडे येते. ट्यूबमध्ये असतं स्टिरॉइड: बेटामेथासोन, क्लोबेटासोल, नाहीतर मोमेटासोन, जोडीला डाग फिके करणारी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. त्वचारोगतज्ज्ञ असं मिश्रण कधीकधी देतात, पण काही आठवड्यांपुरतं आणि लक्ष ठेवून. स्वतःच्या मनाने लावलं की पहिला आठवडा स्वर्ग. चेहरा उजळतो, जळजळ थांबते, शेजारीण विचारते काय लावलंस. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालांवर लव येते, पुटकुळ्या येतात, आणि थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो. म्हणून ती पुन्हा लावते. आमच्या काउंटरच्या काचेत बघणाऱ्या अशा कितीतरी चेहऱ्यांना मी हे समजावलंय.

आणि यात आमच्या धंद्याचाही हात आहे, तो लपवणार नाही. पूर्वी शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत, पळवाट होती. बाहेरून लावायच्या मलमांना सवलत होती, त्यामुळे ही ट्यूब चिठ्ठीशिवाय गोळ्या-बिस्किटांसारखी विकली जायची. सुरुवातीची वर्षं मीही विकलीय. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडच्या अनेक मलमांसाठी ती पळवाट बंद केली. आता डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. तरी मिळते, हे तुम्हालाही माहीत आहे. त्या बाईला मी ट्यूब दिली नाही, त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. ती चिडून गेली. लग्नात गाल कसे होते ते मला कळलं नाही.

बिननावाच्या डबीतल्या ‘गोरेपणाच्या’ क्रीमचा प्रकार त्याहून वाईट. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीम लावणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा आजार सापडला. क्रीममध्ये पारा होता. लावायचं गालावर, बिघडायचं मूत्रपिंड. डबीवर उत्पादकाचा पत्ता आणि घटकांची यादी नसेल तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नका.

वांगाचे डाग कशाने जातात मग? पुरते जातातच असं नाही, आटोक्यात राहतात. ऊन टाळणं, सनस्क्रीन, डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि महिने. सात दिवस नव्हे. बारीक सुरकुत्यांसाठी भरपूर पुरावा असलेला पदार्थ म्हणजे रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या कुळातला), तोही रात्री, थोडा, हळूहळू वाढवत. ‘दहा वर्षांनी तरुण’ असं खोक्यावर लिहिलेलं काहीच करत नाही.

काळी मेंदी. मेंदीच्या पानाचा रंग नारिंगी-तांबडा चढतो, कितीही ठेवा. झटपट काळाभोर रंग देणाऱ्या पुडीत बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, जे डायमध्येही असतं. म्हणजे ‘डाय नको’ म्हणून तुम्ही डायच लावताय, फक्त पुडीवर पान छापलेलं आहे. कुणाला त्याने काही होत नाही, कुणाचे कान, मान, पापण्या सुजून डोळे मिटतात, आणि एकदा ॲलर्जी बसली की ती जन्माची. डाय लावा, मेंदी लावा, की पांढरे ठेवा, तुमचा प्रश्न. मात्र मागची बाजू वाचा आणि कानामागे थोडं लावून ४८ तास थांबा. गेल्या वेळी काही झालं नाही म्हणून या वेळी होणार नाही असं नसतं.

जाता जाता टिकलीचं. कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग दिसला तर तो ‘वयाचा’ नाही. टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने कातडीचा रंग जातो. ती टिकली ताबडतोब बंद करून डॉक्टरांना दाखवा. निरोपात याबद्दल अक्षर नाही.

पांढरा केस उपटू नये, हे बरोबर. साती नियमांत हा एकच. कारण मात्र चुकीचं. एका मुळातून एकच केस येतो, दहा कुठून येणार? पण सारखं उपटून मूळ दुखावतं आणि मग तिथे काहीच उगवत नाही.

फिक्या रंगांवर काय बोलायचं! माझी आजी सत्तरीत डाळिंबी आणि मोरपंखी इरकल नेसायची, काठ हातभर. येवला आपल्याच जिल्ह्यात, दोन तासांवर. तिथल्या मागावर बसलेल्या कुणाला विचारा, जांभळी पैठणी किती वर्षांच्या बाईसाठी विणताय म्हणून. फिका रंग आवडत असेल तर खुशाल नेसा. पण केस पांढरे झाल्यावर फिकी साडी आणि फिका चेहरा एकमेकांत विरघळतात, असं माझं मत, आणि आरशात मला ते दिसतं. या वयात साडीपेक्षा ब्लाउजचं माप महत्त्वाचं. पाळी गेल्यावर चरबी कंबरेकडे, पाठीकडे सरकते, आणि आपण शिंप्याला दहा वर्षांपूर्वीचा ब्लाउज ‘मापाला’ देतो. मग काखेत काचतं आणि वाटतं आपणच बेढब झालो.

शेवटचा नियम सगळ्यात आधी खोडायला हवा होता. नाडी घट्ट आवळा! २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्कर बायकांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. अनेक दशकं कंबरेवर एकाच जागी साडी-परकर घट्ट बांधून कातडी घासत राहिली, तिथे जखम झाली, ती भरली नाही आणि तिचा कर्करोग झाला. हे क्वचित होतं. पण नाडीचा काळा, जाड, खाजणारा वळ कुणाच्या कंबरेला नाही? आपण त्याला दागिन्यासारखा मिरवतो. वळाच्या जागी महिनाभर न भरणारी जखम असेल तर पावडर लावत बसू नका, दाखवा.

हे वाचल्यावर मी सासूबाईंचे अकरा परकर घेऊन कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे गेले आणि सगळ्यांना चार बोटं रुंद इलॅस्टिक बसवून घेतलं. सासूबाई दोन दिवस म्हणत होत्या, “अगं, सुटेल ना साडी भर रस्त्यात!” सुटली नाही. काढलेल्या अकरा नाड्या त्यांनी टाकू दिल्या नाहीत. गॅलरीतला तोंडल्याचा वेल सध्या त्या नाड्यांनीच बांधलेला आहे, तोही सैल.