ज्या पिशवीत चपला, त्याच पिशवीत इष्टलिंग

आज डोकं फिरलंय, म्हणून लांब लिहितेय.

आपल्या सोलापुरातलंच एक रुग्णालय. नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही रुग्णालयात होऊ शकतं. सर्जिकल वॉर्डात अक्कलकोटच्या पुढून, पार सीमेकडून आलेले सत्तरीचे एक अज्जा. मराठी जेमतेम कळतं, बोलतात कन्नडच. सोमवारी हर्नियाचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी खायला द्या असं लिहिलं होतं. अज्जा तोंड उघडेनात. चहा नको, दूध नको. मुलगा पैशाची सोय बघायला गावी गेलेला. केसपेपरवर ओळ पडली, ‘पेशंट अन्न नाकारतो’. मधुमेह आहे, म्हणून सलाईन चालू ठेवलं. आज मानसोपचारवाल्यांना बोलवायचं ठरत होतं.

फरशी पुसणाऱ्या मावशींनी पोचा बाजूला ठेवला आणि विचारलं, “अज्जा, ऊटा याक ब्याडा?” म्हणजे जेवण का नको. अज्जांनी गळ्यावर हात ठेवला. “लिंग इल्ल.” लिंग नाही.

बस. एवढंच होतं.

थिएटरमध्ये नेताना अंगावरच्या वस्तू काढल्या, एका पिशवीत कोंबल्या आणि पिशवी बाहेरच्या कपाटात गेली. त्यात बनियन, चपला आणि इष्टलिंग, म्हणजे लिंगायत माणूस कायम अंगावर बाळगतो ते छोटं लिंग. नेमानं राहणारा लिंगायत माणूस लिंगपूजा केल्याशिवाय अन्नाला शिवत नाही, हे या शहरात सांगावं लागतंय! जिथं संक्रांतीच्या जत्रेत ६८ लिंगांना यण्णीमज्जन, म्हणजे तेलाचा अभिषेक, होतो, नंदीध्वज बघायला अख्खं गाव रस्त्यावर येतं, तिथं दोन दिवसांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

दागिने, धातू काढूच नका असं कुणी म्हणत नाही. कॉटरी, म्हणजे रक्त थांबवायचं विजेचं यंत्र, वापरतात तेव्हा अंगावरच्या धातूनं चटका बसू शकतो. एमआरआयच्या खोलीत तर काहीच चालत नाही. काढायचंच आहे, प्रश्न कसं काढायचं हा आहे. पेशंट शुद्धीवर असताना त्याच्याच हातानं काढू द्या. धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळा, नातेवाइकाच्या हातात द्या, नोंदवहीत दोन सह्या घ्या. नातेवाईक नसेल तर नाव आणि खाट क्रमांक लिहिलेल्या वेगळ्या पाकिटात, सिस्टरच्या कुलपातल्या कपाटात. चपलांबरोबर कधीच नाही. आणि भूल उतरून माणूस बोलायला लागला की ते आधी त्याच्या हातात. पाच मिनिटांचं काम आहे, एका फडक्याचा खर्च.

दोरे-ताइतांचंही तेच. हाताला सूज आली की काळा दोरा रुततो, बोटं निळी पडतात, सलाईन चालत नाही. कापावा लागतो, मान्य. पण मागून कात्री घालून कचऱ्यात टाकायचा नसतो. सांगून काढा, प्लास्टिकच्या छोट्या पाकिटात घाला, उशाला पिनेनं लावा. तुळशीची माळ, क्रॉस, पंचशीलाचं कार्ड, सगळं असंच राहतं आणि पुसताही येतं.

गंगाजल आणि झमझम (मक्केचं पवित्र पाणी) हा खरा नाजूक विषय. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात चमचाभर पाणी घातलं की ते श्वासनलिकेत उतरतं, पुढं न्यूमोनिया. म्हणून सिस्टर ओरडतात, आणि नातेवाइकांना वाटतं यांना धर्म कळत नाही. मार्ग आहे की! बोळा ओला करून, पिळून, फक्त ओठांवरून फिरवा. तुळशीचं पान ओठांना लावून काढून घ्या. केमो घेणाऱ्याला मात्र ओठांनाही नको, त्याच्या कपाळाला लावा, लगेच टिपून घ्या. उदबत्ती कुठंच नको. ऑक्सिजन लावलेल्या खाटेशी चादर, कापूस, केस एरवीपेक्षा झटकन पेटतात, आणि शेजारच्या दमेकऱ्याचे हाल होतात ते वेगळेच. बॅटरीचा दिवा चालतो. देव काही रागावत नाही.

मरणाच्या वेळी तर विचारणं आणखी गरजेचं. मुसलमान पेशंटचं तोंड किब्ल्याकडं, म्हणजे मक्केच्या दिशेला, करायचं असतं. सोलापुरातून तो पश्चिमेला, साधारण १२ अंश उत्तरेकडं झुकलेला. चाकाची खाट वळवायला किती वेळ लागतो? लिंगायतांत बऱ्याच घरी बसवून दफन करतात, आणि आपण सवयीनं पाय सरळ करून अंगठे बांधून मोकळे होतो. दोन-चार तासांत अंग ताठायला लागतं, मग घरच्यांनी काय करायचं? हे आधी विचारलेलं असेल तर रडारड थोडी कमी होते. थोडीच होते, पण होते.

आता प्रार्थनेच्या खोलीबद्दल, कारण ‘आमच्याकडे आहे की खोली’ असं सांगणारे भेटतातच. आहे, पण कशी? चावी वॉचमनकडं, वॉचमन जेवायला. आत मोडक्या व्हीलचेअर. नाहीतर कुणा देणगीदारानं स्वतःच्या देवाची मूर्ती बसवून पाटी लावलेली, की बाकीच्यांनी चपला बाहेरच काढायच्या आणि बाहेरच उभं राहायचं. आणि भिंतीवर सगळ्या धर्मांची चिन्हं ओळीनं रंगवली की आपण फार मोठं काम केलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मोजून बघा, कुणीतरी हमखास सुटलेलं असतं. भिंत कोरी ठेवा. प्रत्येकाचं सामान बंद कपाटाच्या वेगळ्या कप्प्यात. हवं त्यानं काढावं, झालं की ठेवावं.

दहा बाय बाराची खोली पुरते. पण ती आयसीयूच्या मजल्यावर पाहिजे, तळघरात नाही. पेशंटचं नाव पुकारतील या भीतीनं नातेवाईक वॉर्डाचं दार सोडत नाहीत. तळमजल्यावर सोन्याची खोली बांधली तरी तिथं कुणी जाणार नाही. म्हणून आत आयसीयूचा इंटरकॉम हवा. दार ९०० मिलिमीटर मोकळं, व्हीलचेअर वळायला दीड मीटर जागा. वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायला, खालच्या उंचीवर नळ, बसायला ठोकळा, न घसरणारी फरशी, आणि पाणी दाराकडं न येता मोरीकडं जाईल असा उतार. हा उतार चुकला की खोली कायम ओली, मग वास, मग कुलूप. बहुतेक खोल्या याच वाटेनं बंद पडतात, धर्मावरून भांडण होऊन नाही. गालिचा नको, धूळ धरतो. आपल्या सोलापुरी चादरी अंथरा, दर आठवड्याला लाँड्रीत टाका. लाऊडस्पीकर नाही, मुक्काम नाही, कुलूप तर अजिबात नाही.

पण खोली म्हणजे सगळं नव्हे. अज्जांना खोली नको होती. त्यांना विचारणारं माणूस हवं होतं.

जगात हे काम शिकून करतात. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत १९४८ पासून यासाठी माणूस असतो. अमेरिकेत याचं प्रशिक्षण आहे, एक टप्पा ४०० तासांचा. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (शेवटच्या आजारातल्या माणसांची सेवा करणारं रुग्णालय) सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स बाईंनी दुखण्याचे चार भाग सांगितले: अंगाचं, मनाचं, संसाराचं आणि आत्म्याचं. आपण पहिल्यालाच इंजेक्शन देतो. क्रिस्टिना पुचाल्स्की या डॉक्टरांचे तर साधे चारच प्रश्न आहेत. श्रद्धा कशावर आहे, तिचं महत्त्व किती, तुमची मंडळी कोण, आणि आम्ही त्यासाठी काय करायचं. आपल्या बोलीत एवढंच विचारा, “अशा वेळी तुम्हाला कशाचा आधार वाटतो? त्यासाठी आमच्याकडून काही हवंय का?” मराठीत, कन्नडात, तेलुगूत, उर्दूत. जो देव मानत नाही तो म्हणेल, माझ्या मुलीला फोन लावून द्या. ते लावून देणं हीसुद्धा तीच सेवा.

उत्तर केसपेपरवर एका ओळीत लिहा. ‘लिंगपूजा रोज, पाणी-विभूती जवळ ठेवणे.’ औषधाची ॲलर्जी लिहितो तसं.

आणि हे विचारायला पेशंटकडं जाणाऱ्या माणसानं आधी सिस्टरला विचारायचं, हात धुवायचे, खाटेवर नाही तर स्टुलावर बसायचं, दहा-पंधरा मिनिटांत उठायचं. ‘बरे व्हाल’ असं वचन द्यायचं नाही, आपला देव सांगायचा नाही, प्रसाद-पुस्तिका वाटायच्या नाहीत, पैसे घ्यायचे नाहीत. धर्मांतराची भीती दाखवणाऱ्यांना एवढी बात पटते. नियम मोडला तर दुसऱ्या दिवशी बंद, एवढा कडकपणा हवाच, हे त्यांचं बरोबर आहे.

हो, खाटा कमी आहेत, पेशंट जमिनीवर झोपतात, सिस्टर एक आणि पेशंट चाळीस. माहीत आहे. मी सिस्टरांवर चिडलेली नाहीच. त्यांच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाही, त्यावर चिडलेय. रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या निकषांत पेशंटच्या आध्यात्मिक गरजांचा उल्लेख आहे. तपासणीच्या दिवशी फाईल बरोबर सापडते, पिशवी मात्र सापडायला दोन दिवस लागतात.

सापडली ती मावशींनाच. त्यांनी चपला बाजूला केल्या, हात धुतले, लिंग उचललं नाही. फडक्यासकट अज्जांपुढं धरलं. अज्जांनी स्वतः घेतलं, डाव्या तळहातावर ठेवलं. वाटीभर पाणी, चिमूटभर विभूती. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं आपला मोबाईल बंद केला, कुणी सांगितलं नव्हतं. दहा मिनिटं वॉर्डात आवाज नव्हता.

नंतर अर्धा कप दूध प्यायले. मग परत मागितलं.

केसपेपरवर अजून ‘अन्न नाकारतो’ हेच आहे. सकाळच्या राउंडआधी कुणीतरी ते खोडा, आणि मावशींचं म्हणणं तिथं लिहा.