पाच किलो डाळीचं पुण्य

दिवाळीच्या पाडव्याला चाळीस मुलांचं जेवण आमच्या घरून जाणार, हा निर्णय झाला तेव्हा मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर ठराव मंजूर. आमच्या घरात लोकशाही आहे, फक्त मतदान मी बाथरूममध्ये असताना होतं.

मुलं म्हणजे लहान नव्हेत. पुणे स्टेशनजवळच्या एका निवाऱ्यात राहणारी, अठरा ते बावीसच्या घरातली. कुणी वय भरलं म्हणून बालगृहातून बाहेर पडलेलं, कुणी गाडीतून उतरलं ते फलाटावरच राहिलेलं. तिथल्या ताईंनी हिला सगळं समजावून सांगितलं होतं. बालगृहात अठरापर्यंतच ठेवतात. पुढे एकविसापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय 2015 च्या बाल न्याय कायद्यात लिहिलेली आहे, पण ती प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असं नाही. म्हणजे अठराव्या वाढदिवसाला केक आणि बॅग एकदमच. ही मला हे सांगत असतानाच आमचे एकोणीस वर्षांचे चिरंजीव आतून ओरडले, "आई, माझा टॉवेल कुठंय?"

"फराळ सगळेच देतात, आपण जेवण द्यायचं," आई म्हणाली. आणि सणाचं जेवण म्हणजे पुरणपोळी, तिला पर्याय नाही. हिने दबकत पुलाव सुचवला. आईने तिच्याकडे असं पाहिलं, की पुलाव जागच्या जागी शिळा झाला.

चिरंजिवांनी मोबाइलवर हिशेब मांडला. माणशी तीन, म्हणजे 120 पोळ्या. किलो डाळीच्या साधारण पंचवीस होतात, म्हणून 5 किलो डाळ, 5 किलो गूळ. एका पोळीला दोन मिनिटं धरली तर 240 मिनिटं. दोन तवे लावले की दोन तासांत विषय संपला. "पोळी काय घड्याळ बघून फुगते?" आत्या म्हणाली. आत्या नाशिकहून दिवाळीसाठी, म्हणजे विश्रांतीसाठी आली होती.

पाडव्याला पहाटे चारला डाळ शिजली. माझ्याकडे एकच काम होतं : कट काढून डाळ चाळणीत चांगली निथळत ठेवायची. आता चांगली म्हणजे किती, हे कुणी सांगितलं नाही. शिवाय पहाटे चारला उभ्याउभ्या डोळा लागणं हा काही गुन्हा नव्हे. जाग आली ती आत्याच्या "आण इकडे" या हाकेने. मी नेली. तिने गूळ घातला.

पुरण झालं की त्यात उलथनं उभं राहिलं पाहिजे. आमचं उलथनं उभं राहिलं, मग भाषण ऐकता ऐकता डुलकी लागलेल्या अध्यक्षासारखं हळूहळू कलत गेलं आणि कडेला टेकलं. स्वयंपाकघरात शांतता पसरली. "गुळाला पाणी जास्त सुटलं वाटतं," मी म्हणालो. बिचाऱ्या गुळाला बोलता येत नाही, हे बरं आहे.

पुढचा सव्वा तास मी ते आटवत होतो. उकळतं पुरण बेडकासारखं उडी मारून मनगटावर बसतं आणि उठत नाही. पुरणयंत्राचा दांडा तिसऱ्या किलोला निखळला. उरलेलं चिरंजिवांनी चाळणीवर वाटीने घासलं, आणि तेव्हा त्यांना स्वतःचा टॉवेल स्वतः सापडला. एकाहत्तराव्या पोळीला सिलिंडर संपला. शेजारच्या काकूंनी त्यांचा दिला, पण सहा पोळ्यांच्या बोलीवर.

कटाच्या आमटीचं पातेलं मांडीवर घेऊन मी रिक्षात बसलो. शिवाजी रोडवर दगडूशेठपाशी पाडव्याची गर्दी, रिक्षा वीत वीत सरकत होती. प्रत्येक ब्रेकला पातेल्यातून एक लाट यायची. निवाऱ्यात पोचलो तेव्हा माझ्या विजारीला गोडा मसाल्याचा वास येत होता.

तिथे पाहतो तर कोपऱ्यात फराळाचे सहा खोके. शेजारी श्रीखंडाचा डबा. त्याच्या शेजारी गुलाबजाम. सकाळपासून तीन कुटुंबं येऊन गेली होती आणि तिघांनाही आमच्यासारखंच काहीतरी गोड सुचलं होतं. मुलं फार सभ्य. प्रत्येकाने एकेक पोळी घेतली, "छान आहे आजी," म्हणाली. मग एकाने हळूच विचारलं, "काका, तिखट काही आहे का?"

आमटी दहा मिनिटांत संपली. पातेलं पुसून घेतलं पोरांनी.

एक उंच मुलगा मात्र पोळी मोडून तिच्या आत बघत बसला होता. तो एका केटररकडे भट्टीवर कामाला. "आजी," तो म्हणाला, "डाळ नीट निथळली नव्हती का?"

सगळं घर माझ्याकडे वळलं.

आईला तो पोरगा तिथेच आवडला. दोघांचा जायफळावरून वाद झाला, वेलदोड्यावर तडजोड झाली. एवढं माझ्याशी ती वर्षभरात बोलली नसेल. उठताना तिने विचारलं, "परवा काय जेवता रे?"

"परवा कोण येणार आजी? दिवाळी संपली ना." तो हसत म्हणाला. "तुम्ही बुधवारी या. अंडाकरी करू. भांडी तुमची, फोडणी माझी."

आमच्या स्वयंपाकघरात आजवर अंडं आलेलं नाही. चिरंजीव बाहेर ऑम्लेट खाऊन येतात ते तोंडाला वेलदोड्याचा वास लावून. परतताना रिक्षात कुणी बोललं नाही. चौऱ्याहत्तर पोळ्या परत चालल्या होत्या. शनिवारवाडा गेला तरी आई गप्पच. मग रिकाम्या पातेल्याकडे बघत म्हणाली, "गॅलरीत शेगडी मांडता येईल का रे?"

मी काही बोललो नाही. घरी पोचल्याबरोबर टॉवेल घेतला आणि मुद्दाम अंघोळीला गेलो.