पोट दुखतंय म्हणणारं लेकरू

आमच्या बीड जिल्ह्यात दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात. लेकरं एक तर आईबापासोबत कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, नाहीतर गावात आजीपाशी. माझ्या सहावीच्या वर्गातला एक पोरगा असाच आजीपाशी. परिपाठ संपला की रोज म्हणायचा, "सर, पोट दुखायलंय." मला बहाणा वाटायचा. दोनदा सगळ्यांदेखत झापलं त्याला. आजही ते आठवलं की मन खातं.

खरं फार उशिरा कळलं. दोन मोठी पोरं वाटेत अडवून मारायची, आईबापावरून नको ते बोलायची. त्यानं एकदा बापाला फोनवर सांगून पाहिलं. बाप उसाच्या फडातूनच म्हणाला, "तूच काहीतरी केलं असशील." तेव्हापासून पोरगं गप्प.

आगाऊ घेतलेली उचल फेडायला अंधारात उठून कोयता धरणाऱ्या त्या माणसाला मी काय बोलू? पण लेकराला एवढंच कळलं, की बाहेर मार आहे आणि घरात आपलं कुणी ऐकत नाही. मग ते स्वतःलाच दोष देतं. झोप उडते, डोकं दुखतं, पुस्तकात मन लागत नाही. काही लेकरं चिडकी होतात, काही एकदम गुणी. मला या गुणी लेकरांचीच जास्त धास्ती वाटते; त्यांच्याकडं कुणी बघतच नाही.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रही त्यात होता. तिनातल्या दोघांनी मार खाल्लेला. घरात मार खाल्लेल्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईबापच.

शाळेतला मार २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंद केलाय. तरी पालकसभेत ऐकावं लागतं, "बदडा सर, आमची काही तक्रार नाही. आम्हीबी मार खाऊनच शिकलो." बाप पिऊन आला की गोधडीत श्वास रोखून पडायचो, हे मात्र त्यातलं कुणी सांगत नाही. मी पडलोय तसा, म्हणून बोलतोय.

त्या दोन पोरांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोललो. आजीला जाऊन सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून म्हातारी काठी टेकत शाळेच्या फाटकापर्यंत त्याच्यासोबत यायला लागली. बापालाही फोन लावला. बराच वेळ तिकडून नुसता ट्रॅक्टरचा आवाज. मग म्हणाला, "द्या त्याच्याकडं."