माळरानाला ‘पडीक’ म्हणणाऱ्या त्या संदेशाला उत्तर

जून लागला की तो संदेश फिरायला लागतो. वर उघड्या टेकडीचा फोटो आणि खाली मजकूर: सोलापूर, सांगली, अहिल्यानगरच्या या माळांवर एकेकाळी घनदाट जंगल होतं. माणसानं ते तोडलं, उरलंसुरलं धनगरांच्या मेंढरांनी खाल्लं. आता लाखो हेक्टर जमीन नुसती पडून आहे. झाडं लावा, पाऊस येईल, पाणी येईल. यंदा मला तो चार जणांनी पाठवला. चौघंही माझी जिव्हाळ्याची माणसं आहेत आणि झाडं लावायला खरोखर निघाली आहेत, म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

आधी ‘घनदाट जंगल होतं’ याबद्दल. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरच्या आत, माणदेशात, तो पाचशेच्या आसपास येतो. वीतभर मुरमाड माती, खाली काळा पाषाण आणि वर्षातले आठ महिने कोरडे. अशा ठिकाणी गवताचंच राज्य असतं. मधूनमधून बोर, हिवर, बाभूळ, खैर. अशी गवतं आपल्या उपखंडात साठ ते ऐंशी लाख वर्षांपूर्वी पसरली, हे शिवालिक डोंगरांतल्या गाळाच्या थरांवरून कळतं. तेव्हा कुऱ्हाड चालवायला माणूस नव्हता. अलीकडचा पुरावा हवा असेल तर घोड नदीकाठचं इनामगाव घ्या. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातल्या तिथल्या वस्तीच्या उत्खननात काळविटाची हाडं सापडली. काळवीट दाट झाडीत राहत नाही. लांबवर नजर पोचेल अशा मोकळ्या गवतात, पायांच्या वेगावर तो जगतो. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही त्या गावाभोवती माळ होता. ओढ्याकाठी आणि घळींत झाडी होती, ती बरीच तुटली, हे मात्र खरं आहे. पण त्या झाडीचं दुःख माळाच्या माथ्यावर खड्डे खणून कसं भरून निघेल?

‘पडीक’ हा शब्द महसुलाच्या दप्तरातला आहे. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पड, हा इंग्रजी अमदानीचा हिशेब, आणि तो आपण अजून सोडलेला नाही. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या २०१९ च्या नकाशासंग्रहात सुमारे ५ कोटी ५७ लाख हेक्टर, म्हणजे देशाची जवळपास १७ टक्के भूमी, पडीक दाखवली आहे. विरळ झुडपांची जमीन त्यातच आणि निकृष्ट ठरवलेली कुरणंही त्यातच. मला याचा राग येतो, कारण याच जमिनीनं खिल्लार बैल घडवला. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी याच गवतावर पोसली. खरसुंडीच्या यात्रेत जनावरांची खरेदी-विक्री बघा आणि मग सांगा, हा माळ पडून होता का.

आता मेंढरं. या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, कारण यात एका अख्ख्या समाजावर आळ आहे.

दसरा-दिवाळी झाली की धनगरांचे वाडे, म्हणजे कळप आणि बिऱ्हाडं, हलतात. कुणी घाट उतरून कोकणात, कुणी बागायती पट्ट्यात. चारा-पाणी आटलेल्या महिन्यांत माळावरचा भार त्यामुळे हलका होतो आणि पावसाच्या तोंडावर मंडळी परत येतात. वाटेत शेतकरी त्यांना रान रिकामं झाल्यावर मेंढरं बसवायला बोलावतो. आमच्या रानातही बसायची. संध्याकाळी कळप यायचा, रात्रभर लेंड्या आणि मूत त्या तुकड्यात पडायचं, दुसऱ्या रात्री शेजारच्या तुकड्यात. बदल्यात धनगराला धान्य, पुढे पुढे पैसे. कुठला तुकडा बसवला होता ते पुढच्या हंगामात ज्वारीच्या ताटांवरून बांधावरूनच ओळखू यायचं. माळावरचं गवत खत होऊन शेतात पोचवणारी ही व्यवस्था आहे. शेती आणि चराई या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकाच शेतीपद्धतीचे दोन पाय आहेत.

अतिचराई होत नाही असं मी म्हणणार नाही. पवन्या, मारवेल ही चाऱ्याची चांगली गवतं जाऊन नुसती कुसळी माजलेले माळ मी पाहिलेत. पण गायरानं अतिक्रमणात आणि प्रकल्पांत गेली की तीच मेंढरं उरलेल्या तुकड्यावर दाटतात. त्यावरचा उपाय जुन्या लोकांना ठाऊक होता: आळीपाळीनं कुरण राखायचं, बी पडेपर्यंत जनावर सोडायचं नाही.

झाडांनी पाऊस येतो म्हणतात, तर आपला पाऊस मुख्यतः समुद्रावरच्या मोसमी वाऱ्यांचा आहे. टेकडीवर हजार रोपं लावून तो वळत नाही. उलट झाड जमिनीतलं पाणी ओढून हवेत सोडतं. कमी पावसाच्या मुलखात दाट लागवड झाली की ओढ्यांचं पाणी घटतं. दक्षिण आफ्रिकेनं याच कारणासाठी १९९५ पासून बाहेरून आलेली, पाणी पिणारी झाडं काढण्याची सरकारी मोहीम चालवली आहे. कार्बनचं म्हणाल तर गवत तो मुख्यतः मुळांत आणि मातीत साठवतं, दुष्काळात आणि वणव्यातही तो बराचसा तिथेच राहतो.

आणि माळढोक. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो आणि चहूकडे नजर ठेवून ते जपतो. लागवडीत लावतात त्या गिरिपुष्पाच्या झाडांच्या रांगांत तो अंडं घालणार नाही.

तेव्हा रोपं आणलीच असतील तर करंज, उंबर, जांभूळ घ्या आणि ओढ्याकाठी लावा. बांधावर लावा, शाळेच्या आवारात लावा. टेकडीवर जायच्या आधी मात्र गावातल्या मेंढपाळाला विचारा, तिथे कुठलं गवत येतं.