घट्ट सिगार आणि सादळलेली सिगार: एकच औषध चालत नाही

जून उजाडला की एक मेसेज दरवर्षी फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: पावसाळ्यात सिगार ओढली जात नसेल तर दहा सेकंद मायक्रोवेव्हमध्ये ठेवा, नाहीतर रात्रभर तांदळात पुरा. तरीही धूर येत नसेल तर टोक आणखी कापा. शिवाय घाबरू नका, घट्ट वळलेली सिगार हीच उत्तम सिगार, आणि ह्युमिडॉरमध्ये (सिगार ठेवायच्या, ओलावा राखणाऱ्या पेटीत) 70 टक्के आर्द्रता असली की झालं. यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला चांगल्या सिगारची माती करतो, म्हणून सविस्तर लिहितो आहे. (तंबाखू कोणत्याही रूपात घातकच, आणि धूर छातीत न घेतल्याने सिगार निरुपद्रवी होत नाही. हे लेखन जे आधीच ओढतात त्यांच्यासाठी आहे.)

मेसेजचं मूळ दुखणं हे की तो दोन वेगळे आजार एकच मानतो. सादळलेली सिगार हाताला सगळीकडे सारखीच मऊ, स्पंजासारखी लागते. पेटवल्यावर सारखी विझते, धूर कडवट येतो. पान ओलावा पिऊन फुगतं, त्यामुळे आतल्या वाटा अरुंद होतात, आणि निखाऱ्याची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते. घट्ट वळलेली सिगार मात्र कोरडी असूनही अडते, आणि बोटांनी हळूच दाबत गेलं की बहुतेक वेळा एकाच ठिकाणी गाठ लागते. पहिलीला वेळ द्यावा लागतो, दुसरीला हत्यार. कापल्यावर न पेटवता एक झुरका घेऊन बघा आणि बोटांनी चाचपा, निदान तिथेच होतं.

आता मायक्रोवेव्ह. सिगारचं बाहेरचं पान अगदी पातळ असतं आणि आतली पानं जाड, एकमेकांवर दाबलेली. बाहेरचं पान झटकन सुकून आकसतं, आतला गाभा मात्र फुगलेलाच राहतो, आणि पान उभं चिरतं. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली ठेवल्यावरही हेच होतं. मायक्रोवेव्हमध्ये तर ओलावा आतच तापून वाफ होतो आणि ज्या सुगंधी तेलांसाठी एवढे पैसे मोजले तीही त्याबरोबर उडतात. सिगारभोवतीच्या काही कागदी पट्ट्यांवर धातूचा मुलामा असतो, त्यातून ठिणगी उडू शकते ती वेगळीच.

तांदळाचा सल्ला आपल्याकडे चटकन पटतो, कारण मिठाच्या बरणीत चार दाणे टाकायची सवय घरोघरी आहे. पण तांदूळ स्वतः हवेतला ओलावा घेऊन बसलेला असतो. 13-14 टक्के ओलावा असलेला तांदूळ साधारण 70 टक्के आर्द्रतेच्या हवेशी समतोलात असतो. म्हणजे जुलैमध्ये मुंबईच्या स्वयंपाकघरातल्या डब्यातला तांदूळ सिगारला त्या 70 टक्क्यांच्या खाली सुकवूच शकत नाही. वर कोंडा आणि वास चिकटतो.

‘दोन दिवस उघड्यावर ठेवा’ हा सल्लाही परदेशी संकेतस्थळांवरून जसाच्या तसा उचललेला. तिथल्या कोरड्या हवेत तो लागू पडतो. इथे पावसाळ्यात बाहेर 85-90 टक्के आर्द्रता असताना उघडी सिगार आणखी सादळते. उलट मे महिन्यातल्या नागपुरात उघड्यावरची सिगार बघता बघता कडक होईल. उपाय साधा आहे: सिडारच्या लाकडाचं रिकामं सिगारचं खोकं घ्या, ते झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा आणि सोबत 62 टक्क्यांचं, ओलावा घेणारं आणि देणारं बोव्हेडासारखं पाकीट टाका. मग थांबा. नुसती वरवर ओलसर असेल तर काही दिवस पुरतात, गाभ्यापर्यंत भिजली असेल तर काही आठवडे. घाई केली की पुन्हा तीच चीर.

70 टक्क्यांचा नियम अर्धाच सांगितला जातो. पूर्ण नियम 70 टक्के आर्द्रता आणि 70 अंश फॅरनहाइट, म्हणजे 21 अंश सेल्सिअस असा आहे. आपल्या घरात पंख्याखाली 30 अंश असतात. तेवढ्या उबेत तंबाखूच्या भुंग्याची अंडी उबण्याचाही धोका असतो. माझं मत स्पष्ट आहे: क्यूबन सिगार 62 ते 65 टक्क्यांवर जास्त चांगल्या जळतात. आणि आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात लगदा होईल एवढंच पाणी, आणि ते झाकण व हायग्रोमीटर दोन्ही झिपच्या पिशवीत रात्रभर बंद. काटा 75 दाखवायला हवा. तो 70 दाखवत असेल तर तुमचे ‘70’ प्रत्यक्षात 75 आहेत.

टोक आणखी कापण्यात मात्र थोडं तथ्य आहे, पण ते फक्त टॉर्पेडोसारख्या निमुळत्या सिगारपुरतं. तिथे दुसरा काप घेतला की वाट खरोखर रुंद होते. सरळ सिगारला टोपीच्या (टोकावर चिकटवलेल्या पानाच्या तुकड्याच्या) रेषेखाली कापलंत तर पान उलगडत जातं आणि चार इंच आत बसलेली गाठ आहे तिथेच राहते.

राहिला घट्ट म्हणजे उत्तम हा दावा. क्यूबातल्या हबानाच्या कारखान्यांत 2000 नंतरच्या काही वर्षांत ड्रॉ (सिगार किती मोकळी ओढली जाते ते) मोजणारी यंत्रं आली ती घट्ट सिगारच्या तक्रारी वाढल्यामुळेच. बाहेरचं पान चढवण्याआधीच आतला गठ्ठा यंत्राला लावून हवा किती खेचली जाते ते पाहतात, आणि नापास झालेला बाजूला जातो. वळताना पानं पिळली गेली किंवा जास्त भरली की वाट बंद होते, ती कारागिराची चूकच.

अशा सिगारसाठी ड्रॉ मोकळा करायची बारीक सुई मिळते. ती तोंडाकडून, हळूहळू फिरवत, मधोमध घाला. गाठ ओलांडली की थांबा, दुसऱ्या टोकातून बाहेर काढू नका. सिगार सादळलेली असेल तर आधी सुकवा, ओल्या पानात सुई वाट करत नाही, लगदा करते. जोरजोरात ओढून गाठ सुटत नाही, फक्त निखारा तापतो आणि तोंड कडू होतं.

तरीही अडली तर ब्लेडने उभी चिरून बघा. बहुतेक वेळा मधल्या लिगेरोचं, म्हणजे रोपाच्या वरच्या भागातलं, जाड पान दोरीसारखं पिळलेलं, नाहीतर देठाचा तुकडा आडवा बसलेला सापडतो. त्याचा फोटो काढून ठेवा, आणि त्याच खोक्यातली दुसरीही तशीच निघाली तर दोन्ही फोटो घेऊन दुकानदाराकडे जा.