एक वाजल्याची ती लांब बीप

टोरांटोच्या सीबीसी रेडिओ वनवरचा (कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं तिथलं केंद्र) तुमचा लेख आवडला, पण ते पहिल्यापासून ९९.१ एफएमवरच होतं, असा समज तो वाचून होतो. तसं नाही. १९९८ मध्ये ते एफएमवर आलं आणि १९९९ मध्ये जुनं ७४० एएम बंद झालं. ते ५० किलोवॅटचं केंद्र, त्यामुळे रात्री पार अमेरिकेतही ऐकू यायचं. गंमत अशी की ज्या शहरासाठी ते होतं तिथेच, डाउनटाउनच्या उंच इमारतींमध्ये, नुसती खरखर! म्हणून हा बदल. शहरातल्यांची सोय झाली, लांबच्यांचं मात्र स्टेशनच गेलं.

'मेट्रो मॉर्निंग' या तिथल्या सकाळच्या कार्यक्रमाबद्दल तुम्ही भरपूर लिहिलंत, ते योग्यच. पण दुपारी एकचा वेळेचा इशारा कसा राहिला? आधी बारीक टिकटिक, मग दहा सेकंद शांतता, मग एक लांब बीप. ती सुरू झाली की बरोबर एक. १९३९ पासून रोज देशभर हा इशारा लागायचा. इथे आल्यावर मीही त्यावर घड्याळ लावायचो. आकाशवाणीच्या बातम्यांवर घड्याळ लावणाऱ्या घरातला मी, सवय जाते कुठे!

ऑक्टोबर २०२३ मध्ये तो बंद केला. कारण पटण्यासारखं आहे: उपग्रह आणि इंटरनेटवरून ऐकताना आवाज काही सेकंद उशिरा पोचतो, मग 'बरोबर एक' म्हणायचं तरी कसं? तरी एफएमवर चालू ठेवायला काय हरकत होती, हे मला अजून कळलेलं नाही.