‘थांबू नका, पळा’ म्हणणाऱ्या त्या ऑडिओला उत्तर

गेल्या रविवारी मावसभावाच्या घरी साखरपुडा होता. जेवणं उरकली, बायका भांडी आवरायला लागल्या, आणि दादाने मला ओसरीवर बोलावून फोन पुढे केला. “तू वकील ना? हे ऐक.” दादा आयशर चालवतो. पिंपळगावहून कांदा भरून वाशीला, आठवड्यात तीन फेऱ्या. ऑडिओ तीनेक मिनिटांचा होता. कुणीतरी ठणठणीत आवाजात ‘माझ्या चालक बांधवांनो’ अशी सुरुवात करून कायदा समजावून सांगत होतं. संपल्यावर दादा शांतपणे म्हणाला, “आमच्या ग्रुपवर सगळ्यांचं ठरलंय. रस्त्यात काही झालं तर गाडी थांबवायची नाही.”

हा ऑडिओ नवीन नाही. जानेवारी 2024 मध्ये अपघात करून पळणाऱ्यांसाठीच्या नव्या शिक्षेविरुद्ध ट्रक आणि टँकरचालकांचा संप झाला, मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या इंधन डेपोतून टँकर निघेनात आणि पेट्रोल पंपांवर बाटल्या घेऊन रांगा लागल्या, तेव्हापासून तो फिरतोय. मी दोनदा दुर्लक्ष केलं. पण आता तो माझ्या घरात शिरलाय, आणि दादाच्या गाडीपुढे उद्या कुणीही येऊ शकतं.

ऑडिओ काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. संसदेने न वाचता, रातोरात कायदा केला. अपघातात माणूस मेला की चूक कुणाचीही असो, ड्रायव्हरला दहा वर्षं जेल आणि सात लाख दंड. कारवाल्यांना आणि डॉक्टरांना माफी, मरण फक्त ट्रकवाल्यांचं. कायदा लागूसुद्धा झालाय. आणि शेवटी सल्ला: थांबलात तर लोक मारतील, पोलिसात गेलात तर दहा वर्षं, म्हणून पळा.

आधी सात लाख. हा आकडा कायद्यात नाही. जुन्या दंडविधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये ‘दंड’ एवढाच शब्द आहे, रक्कम कुठेच लिहिलेली नाही. तो किती लावायचा ते न्यायाधीश ठरवतात. मृताच्या घरच्यांना जी नुकसानभरपाई मिळते ती वेगळी. तिचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात चालतो आणि गाडीचा विमा चालू असेल, लायसन धड असेल, तर पैसे विमा कंपनी भरते. दादाच्या घरावर सात लाखांचा बोजा चढणार नाही. त्याने विम्याची तारीख चुकवली तर मात्र चढू शकतो, आणि सातपेक्षा जास्तही. पण त्याबद्दल ऑडिओत अवाक्षर नाही.

कारवाल्यांना माफी? कलमात शब्द ‘वाहन’ असा आहे. त्यात ट्रक आला, कार आली, माझी स्कूटीही आली.

आता त्या शेवटच्या सल्ल्याकडे येते, कारण माझा खरा संताप तिथे आहे.

कलम 106 चे दोन भाग आहेत. पहिला भाग: हयगयीने कुणाचा मृत्यू घडवला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दुसरा भाग: बेदरकारपणे आणि हयगयीने गाडी चालवून मृत्यू घडवला, आणि घटनेनंतर लवकरच पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे पाचाचे दहा होतात ते पळाल्यामुळे आणि न कळवल्यामुळे. ज्या शिक्षेची भीती घालून हा बाबा पळायला सांगतो, ती शिक्षा पळणाऱ्यासाठीच लिहिलेली आहे! हा दुसरा भाग लागू असेल (त्याचं पुढे सांगते), तर हा ऑडिओ ऐकून जो पळेल, तो स्वतःच्या पायाने पाचातून दहात जाईल.

“आणि लोकांनी मारलं तर? ते कोण बघणार?” दादाने विचारलं. हा प्रश्न खोटा नाही. हायवेला गर्दी जमते, ती कुणाचं ऐकत नाही आणि पहिला हात ड्रायव्हरवर पडतो. पण हे काही दिल्लीतल्या लोकांना माहीत नाही असं नाही. मोटार वाहन कायदा 1988 चा आहे, आणि त्याच्या कलम 134 मध्ये ड्रायव्हरचं कर्तव्य लिहिताना सुरुवातीलाच सूट दिलेली आहे: जमावाच्या क्षोभामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणामुळे शक्य नसेल तर सोडून, जखमीला दवाखान्यात पोचवण्याची सगळी खटपट करायची. जमाव म्हणजे काय हे कायद्याला चांगलं ठाऊक आहे. पुढे तेच कलम म्हणतं की जागेवर पोलीस नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर आणि काही झालं तरी 24 तासांच्या आत माहिती द्यायची. म्हणजे लोक धावून आले तर निघून जा, पण निघून सरळ चौकीत जा. घरी नाही, मालकाच्या गोडाऊनला नाही.

पळाल्यावर मागे काय राहतं ते मला रोज दिसतं. माझ्या कपाटात एक फाइल आहे. घाटाच्या अलीकडे रात्री टेम्पो पंक्चर झाला, क्लीनर स्टेपनी बदलायला खाली उतरला, मागून गाडी आली आणि गेली. एफआयआरमध्ये दोन शब्द आहेत: ‘अज्ञात वाहनाने’. त्या दोन शब्दांनी त्याच्या बायकोचा सगळा दावा आटोपला. गाडी सापडली असती तर वय, पगार, घरात खाणारी तोंडं असा हिशेब मांडून विमा कंपनीकडे मागता आलं असतं. गाडी सापडली नाही म्हणून सरकारी योजनेतले ठरीव पैसे. मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार, तेही 1 एप्रिल 2022 पासून. त्याआधी मृत्यूची किंमत 25 हजार होती. बाई दर तारखेला शवविच्छेदनाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणायची आणि विचारायची, नंबर कुणीच पाहिला नाही का हो? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये धडक देऊन पळाल्याच्या अपघातांत 30 हजारांहून जास्त माणसं मेली. त्यांत पायी चालणारे असतात, सायकलवाले असतात आणि स्टेपनी बदलणारे क्लीनरही असतात. ड्रायव्हर बांधवांच्या नावाने गळा काढणाऱ्या ऑडिओने हा क्लीनर कुणाचा बांधव ते सांगावं.

‘चूक कुणाचीही असो’ हेही धादांत खोटं. हयगय सरकारी पक्षाला सिद्ध करावी लागते. मात्र ठाण्यात पहिला कागद होताना मोठी गाडी असेल तिची चूक धरायची सवय आहे, हे मीही नाकारणार नाही. दुचाकीवाला उलट्या दिशेने आलेला असला तरी नाव आयशरचं लागतं. पण त्यावर उपाय डॅशकॅमेरा, साक्षीदार आणि स्वतः जाऊन दिलेला जबाब. पळालेल्या माणसाची बाजू कोण ऐकणार?

आता संसदेचं. ‘कुणी वाचलंच नाही’ हे वाक्य ऐकून दादासकट ओसरीवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. झालं ते असं. विधेयक 11 ऑगस्ट 2023 ला लोकसभेत मांडलं. ते गृहखात्याच्या संसदीय स्थायी समितीकडे गेलं. तिचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिज लाल, उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक. समितीत विरोधी पक्षांचे खासदार होते आणि त्यांनी अहवालाला भिन्नमतपत्रिकाही जोडल्या. नोव्हेंबरमध्ये अहवाल आला. त्या मूळ विधेयकात हे कलम 104 होतं आणि त्यातला दुसरा भाग ‘बेदरकार किंवा हयगयीचं कोणतंही कृत्य’ करून पळणाऱ्या सगळ्यांना लागू होता, गाडी असो नसो. समितीने त्यावर बोट ठेवलं. स्वतःच जाऊन कळवायची सक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) ला, म्हणजे कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येणार नाही या हमीला, बाध आणू शकते. म्हणून हे ठेवायचं की नाही यावर नीट विचार करा, आणि ठेवलंच तर फक्त मोटार अपघातांपुरतं ठेवा. पहिल्या भागातली सात वर्षं जास्त आहेत, पाच करा, असंही समितीने सुचवलं.

सरकारने ते विधेयक मागे घेऊन डिसेंबरमध्ये नवं मांडलं. त्यात सातची पाच झाली होती आणि दुसऱ्या भागात ‘वाहन चालवून’ आलं होतं. म्हणजे ज्या शब्दामुळे हे कलम नेमकं ड्रायव्हरच्या मानगुटीवर बसलं, तो शब्द कुणीतरी वाचल्यामुळेच आला. ट्रकवाल्यांना भांडायचंच होतं तर अनुच्छेद 20(3) चा मुद्दा समितीच्या अहवालात आयता लिहिलेला होता, संपाच्या दीड महिना आधी. तो एकाही फॉरवर्डमध्ये मला दिसला नाही. सात लाख मात्र सगळ्यांना पाठ.

पण एक गोष्ट मान्य करावी लागते, चरफडत का होईना. नवं विधेयक लोकसभेत 20 डिसेंबरला आणि राज्यसभेत 21 डिसेंबरला मंजूर झालं तेव्हा विरोधी बाकं जवळजवळ रिकामी होती. संसदेतल्या घुसखोरीवर गृहमंत्र्यांनी निवेदन करावं म्हणून गोंधळ झाला आणि त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून 146 खासदार निलंबित झाले. समितीने जी शंका काढली तिच्यावर सभागृहात भांडायला माणसं हवी होती, ती बाहेर बसली होती. शिवाय कलम रस्त्याचं असलं तरी विधेयक गृहखात्याचं, त्यामुळे ते गेलं गृहखात्याच्या समितीकडे. वाहतुकीची समिती वेगळी असते. तिच्याकडे मोटार वाहन दुरुस्ती विधेयक 2016 मध्ये गेलं होतं. लोकसभेने ते मंजूर केल्यावर राज्यसभेने ते विनय सहस्रबुद्धे यांच्या प्रवर समितीकडे, म्हणजे त्या एका विधेयकापुरत्या नेमलेल्या समितीकडे, पाठवलं, पुढे लोकसभा विसर्जित झाल्यावर ते रद्द ठरलं आणि 2019 मध्ये नव्याने मांडून मंजूर करावं लागलं. तीन वर्षं गेली. त्या मानाने हे चार महिन्यांत उरकलं. घाई झाली म्हणा, मी सोबत आहे. ‘कुणी वाचलंच नाही’ म्हणू नका.

डॉक्टरांचं अर्धंच खरं आहे. उपचार करताना हयगयीने मृत्यू झाला तर नोंदणीकृत डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षं, इतरांना पाच. ही दुरुस्ती गृहमंत्र्यांनी ऐनवेळी आणली आणि मला ती पटलेली नाही. पण माफी नाही. जुन्या दंडविधानाच्या 304-अ मध्ये सगळ्यांनाच दोन वर्षं होती, डॉक्टरांची तेवढीच राहिली.

आणि ‘लागू झालाय’? संपाच्या दुसऱ्या दिवशी, 2 जानेवारीला, केंद्रीय गृहसचिव अजय भल्ला यांनी ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस या वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा केली आणि त्यांच्याशी बोलल्याशिवाय हा भाग अमलात आणणार नाही असं सांगितलं. फेब्रुवारीत अधिसूचना निघाली. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू, कलम 106 चं उपकलम (2) वगळून. तो भाग आणायचा तर सरकारला वेगळी अधिसूचना काढावी लागेल. म्हणजे त्या तारखेला लागू झालेल्या कायद्यात दहा वर्षांचा भागच नव्हता, आणि ऑडिओ त्याच्या भीतीने लोकांना पळवतोय. पाच वर्षांचा पहिला भाग लागू आहे. कलम 134 तर 1988 च्या कायद्यातलं, त्यातले 24 तास दादाने लायसन काढलं त्या दिवसापासून त्याला लागू आहेत.

हे सगळं मी त्याला ओसरीवर बसून सांगितलं. त्याने ऑडिओ काही डिलीट केला नाही. पण फोनमध्ये 112 सेव्ह केला, आणि मग मला वाटेतली ठाणी विचारून एकाखाली एक लिहून घेतली: घोटी, इगतपुरी, कसारा, शहापूर. “कसाऱ्याची चौकी घाट उतरल्यावर डाव्या हाताला की उजव्या?” त्याने विचारलं. ते मला सांगता आलं नाही. पुढच्या फेरीला बघून ठेवतो म्हणाला.